एआयएक्स काढलं म्हणून पोस्टग्रेसवाल्यांवर चिडलेल्या आयटी मॅनेजरांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र बँका, पतसंस्था, साखर कारखाने, विमा कंपन्या इथल्या आयटी मॅनेजरांना आणि डेटाबेस टीमना आहे. म्हणजे जिथे सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात आयबीएमची एखादी जुनी पॉवर मशीन नाहीतर एचपीची रॅक अजून घुमतेय, आणि तिला हात लावायला सगळे घाबरतात, तिथल्या सगळ्यांना. मी 18 वर्षं डेटाबेसचं काम करतोय, त्यातली बरीचशी एआयएक्सवर, म्हणजे पॉवर मशीनवरच्या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर गेली, त्यामुळे लांबून बघून बोलतोय असं समजू नका.

पोस्टग्रेस या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसचं 17 वं व्हर्जन आलं तेव्हाची गोष्ट. एका कर्ज देणाऱ्या संस्थेत अपग्रेडची मीटिंग होती, कोणीतरी 17 च्या रिलीज नोट्स स्क्रीनवर लावल्या आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की एआयएक्सचा सपोर्ट काढलाय. दोन मिनिटं कोणी काही बोललंच नाही, आणि मग जो सूर लागला तो मी तेव्हापासून अजून तीन-चार ठिकाणी ऐकलाय. फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, असंच होणार. आज एआयएक्स काढलं उद्या लिनक्स काढतील. कोड होता ना तिथे, चालत होता ना, मग पडून राहिला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं, तो काय भाकरी मागत होता का?

मी तेव्हा गप्प बसलो आणि ते मला आजही खटकतं. तेव्हा जे बोलायला पाहिजे होतं ते आता लिहितोय.

आधी तो भाकरीचा प्रश्न घेऊ, कारण सगळं तिथेच अडतं. कोड भाकरी मागतो हो, आणि रोज मागतो. एक उदाहरण देतो. एआयएक्सवर स्ट्रक्चरच्या आत डबल प्रकारची (दशांशाची) संख्या 4 बाइटच्या हद्दीवर, म्हणजे मेमरीतल्या 4 ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसते आणि 64 बिटची पूर्ण संख्या 8 बाइटच्या हद्दीवर, बाकीच्या बहुतेक मशीनवर दोन्ही 8 वरच बसतात. पोस्टग्रेसला मात्र दोन्हींसाठी एकच नियम माहीत आहे. त्यामुळे 2022 मध्ये 15 व्या व्हर्जनचं काम चालू असताना सबस्क्रिप्शनच्या सिस्टीम कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस स्वतःची माहिती ठेवतं त्या टेबलमध्ये, एक नवीन कॉलम आला आणि तो एआयएक्सवर चुकीच्या जागी वाचला जायला लागला. मग काय केलं, तर तो कॉलम उचलून नावाच्या कॉलमच्या आधी नेऊन ठेवला. म्हणजे आज तुम्ही तुमच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर 15 टाकलंत तरी त्या टेबलमधल्या कॉलमांचा क्रम एआयएक्सचा मान राखून लावलेला आहे. पुढे कोणी असा कॉलम चुकून परत टाकू नये म्हणून टेस्टपण लिहावी लागली. हे कोणी केलं? ज्यांच्या घरी, ऑफिसात, कुठेच एआयएक्स नाही अशा माणसांनीसुद्धा यात डोकं घातलं, स्वतःचे तास घातले.

आणि लिंकरचं, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे एकत्र जोडणाऱ्या टूलचं, वेगळंच. एआयएक्सवर कुठली फंक्शनं बाहेर दिसणार त्याची यादी आधी तयार करून द्यावी लागते, त्यासाठी पोस्टग्रेसच्या कोडमध्ये एक खास स्क्रिप्ट होती, खास मेकफाइल (कोड कसा बांधायचा त्याच्या सूचना) होती, कंपायलरच्या बग्सना वळसे घालणारे तुकडे होते. प्रत्येक तुकडा छोटाच, पण जो कोणी त्या भागात काम करायला येतो त्याला प्रत्येक वेळी तो वाचावा लागतो, समजून घ्यावा लागतो, आणि मी हात लावला तर तिकडे काही तुटेल का हा विचार करत बसावं लागतं, आणि करून बघायला मशीन तर हाताशी नाही.

शेवटी फेब्रुवारी 2024 मध्ये काय झालं तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं कोणीतरी सकाळी उठला आणि मूड आला म्हणून काढून टाकलं. पोस्टग्रेसमध्ये एकदम खूप डेटा लिहिण्यासाठी एक नवीन सोय आली. त्यात बफर मेमरीत ठरावीक मोठ्या हद्दीवरच असला पाहिजे अशी अट आहे, डायरेक्ट आयओसाठी, म्हणजे मधलं कॅश टाळून थेट डिस्कवर लिहायला, ती लागते. कंपायलरला सांगितलं की हा व्हेरिएबल या हद्दीवर ठेव, आणि सगळीकडे ठेवला गेला, एआयएक्सवर मात्र नाही ठेवला गेला. तिथली टेस्ट मशीन धडाधड पडायला लागली. यालाही वळसा घालता आला असता, हे काढणाऱ्यांनी स्वतःच कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या त्या बदलाच्या नोंदीत, लिहून ठेवलंय. पण त्यांनी त्याच ठिकाणी असंही लिहिलं की या प्लॅटफॉर्मला फारशी मागणी नाही, वळसे भरपूर झालेत, आणि नीट सांभाळायला कोणी पुढे आलेलं नाही. हे तिसरं वाक्य वाचून मला लाज वाटली. कारण पुढे येऊ शकणाऱ्यांमध्ये मी होतो, तुम्ही होतात. आपल्याकडे मशीन होत्या, एएमसी (वर्षाच्या देखभालीचा करार) होती, रात्रपाळीला माणसं होती. एवढ्या वर्षांत मी एकदाही बीटा एआयएक्सवर कंपाइल करून बघितला नाही, एक मेल लिहिला नाही, की बाबांनो आम्ही वापरतो, आमच्याकडे चालतंय किंवा चालत नाहीये. त्यांना बिचाऱ्यांना कळणार कसं की कोल्हापूर सांगलीकडे कोणाची तरी रोजची कर्जवसुली यावर चालते?

मशीनचा विषय निघालाय तर बिल्डफार्मबद्दल लिहितोच, कारण हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीय. पोस्टग्रेसची स्वतःची अशी काही मोठी लॅब नाही. जगभरातले लोक आपापली मशीन जोडतात, त्यावर ताजा कोड सतत कंपाइल होतो, टेस्ट चालतात आणि निकाल सगळ्यांना दिसतो. 2004 पासून हे चालू आहे. आणि या प्रत्येक मशीनला एका प्राण्याचं नाव देतात. त्यातल्या एका म्हाताऱ्या एचपी मशीनचं नाव होतं गौर, म्हणजे आपल्या राधानगरीच्या जंगलातला गवा! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं, आमच्याकडचा गवा तिकडे लांब अमेरिकेत एचपी-यूएक्सवर, एचपीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, पोस्टग्रेस तपासत बसलाय.

तो गवा ज्यांचा होता ते टॉम लेन, पोस्टग्रेसमधले सगळ्यात जुन्या आणि मानाच्या माणसांपैकी एक. आणि त्यांचीच गोष्ट मला तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचीय.

त्या जुन्या एचपी मशीनमध्ये पीए-रिस्क नावाचा प्रोसेसर असायचा. पोस्टग्रेसमध्ये स्पिनलॉक नावाची गोष्ट असते, दोन प्रोसेसनी एकाच वेळी एकाच जागेला हात घालू नये म्हणून लावलेली छोटी कडी समजा. जवळपास सगळ्या प्रोसेसरवर शून्य म्हणजे कडी उघडी आणि एक म्हणजे लावलेली. पीए-रिस्कवर उलटं. तिथे यासाठी एकच सूचना आहे, किंमत वाच आणि ती शून्य करून टाक, त्यामुळे शून्य म्हणजे कडी लागलेली. वर ती जागा 16 बाइटच्या हद्दीवरच पाहिजे. इतका विचित्र प्राणी जगात दुसरा नाही, आणि म्हणूनच टॉम लेन यांचं म्हणणं होतं की हा कोड राहू द्या, यावर चाललं तर आपली कडीची रचना खरंच पक्की आहे हे कळतं. पटण्यासारखं आहे, मलाही पटलं असतं. एचपीने या मशीन विकणं 2008 च्या शेवटी बंद केलं तरी पुढे 15 वर्षं तो कोड राहिला.

मग शेवटची पीए-रिस्क मशीन बिल्डफार्ममधून निवृत्त झाली. आणि जुलै 2024 मध्ये तो कोड काढला कोणी? टॉम लेन यांनीच. कमिटमध्ये त्यांनी सरळ मान्य केलं की हा कोड मुख्यतः माझ्याच आग्रहामुळे टिकला होता, पण आता टेस्ट करायला मशीनच उरली नाही, तेव्हा टेस्टसाठी उपयोगी हा मुद्दाच राहत नाही. ज्याने वर्षानुवर्षं पाणी घातलं त्यानेच कुऱ्हाड हातात घेतली, आणि कारणही स्वच्छ लिहून ठेवलं. मी ते वाचलं त्या दिवशी काही वेळ नुसता बसून राहिलो. इतका प्रामाणिकपणा आपल्या मीटिंगांमध्ये मला फार कमी दिसलाय, आपल्याकडे स्वतः सुरू केलेलं मोड्यूल कोणी काढू देत नाही, मग ते कोणी वापरो न वापरो.

टेस्ट न होणारा प्लॅटफॉर्म मॅन्युअलमध्ये सपोर्टेड म्हणून ठेवणं म्हणजे काय ते सांगू? एसटी स्टँडच्या वेळापत्रकावर गावाचं नाव आहे, वेळ आहे, आणि गाडी कधीच बंद झालीय. म्हातारी माणसं पिशव्या घेऊन दोन तास बसतात आणि मग कळतं. त्यापेक्षा नाव पुसा, म्हणजे माणूस वडापने तरी जाईल, निदान पावसाच्या आत घरी पोचेल.

आणि यात सुरक्षेचा भाग आहे तो मी टाळणार नाही. 2014 च्या एप्रिलमधलं हार्टब्लीड आठवतंय ना, ओपनएसएसएल या नेटवरचा डेटा गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं भोक. त्यात हद्दीबाहेरची मेमरी वाचली जायची ही मूळ चूक होती, पण ओपनएसएसएलने मेमरी मागायची आणि सोडायची स्वतःची वेगळी व्यवस्थाही करून ठेवली होती, कारण काही प्लॅटफॉर्मवर सिस्टीमची व्यवस्था स्लो होती. त्यामुळे ज्या सिस्टीमवर अशा चुका पकडणारी चांगली व्यवस्था होती तिचाही उपयोग होईना. कोणाच्या तरी संथ मशीनसाठी केलेली सोय सगळ्यांच्या अंगाशी आली. नंतर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लोकांनी त्याची लिबरएसएसएल नावाची वेगळी शाखा काढली आणि पहिल्याच आठवड्यात 90,000 पेक्षा जास्त ओळी उडवल्या. त्यात व्हीएमएस होतं, जुनं मॅक होतं, कधीचे मेलेले प्लॅटफॉर्म होते. तुमच्या संस्थेत लोकांचे पैसे आहेत, म्हणून सांगतोय, कोणी चाचणी न केलेला कोड तुमच्या व्यवहाराच्या वाटेत असणं हे तुम्हालाच परवडणारं नाही.

आता तुमच्या बाजूनेही बोलतो, कारण तुमचं दुखणं मला माहीत आहे. पॉवर मशीन मजबूत असतात, वर्षानुवर्षं बंद पडत नाहीत, वर कोअर ॲप्लिकेशन ज्या व्हेंडरचं आहे तो म्हणतो एआयएक्स सोडलंत तर आमची जबाबदारी नाही. बजेट मिळत नाही, कारण चालणारी गोष्ट का बदलायची हा प्रश्न संचालक मंडळ विचारतं आणि त्यांचंही चुकत नाही. म्हणून तुम्हाला राग आला तर तो समजतो. पण तो राग ज्यांच्यावर काढताय त्यांनी तुम्हाला रस्त्यावर सोडलेलं नाही. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी व्हर्जन 5 वर्षं सांभाळली जाते. 16 मध्ये एआयएक्स आहे आणि 16 चे बग आणि सुरक्षेचे फिक्स नोव्हेंबर 2028 पर्यंत येत राहणार आहेत. एचपी-यूएक्स आणि आयटेनियम (इंटेलचा जुना सर्व्हर प्रोसेसर) वाल्यांनी अजून जवळची तारीख लिहून घ्या, तुमचा सपोर्ट 16 मध्येच गेला, म्हणजे 15 शेवटचं, आणि ते नोव्हेंबर 2027 ला संपतं. आयटेनियम तर स्वतः इंटेलने 2021 नंतर पाठवणं बंद केलंय आणि लिनक्स कर्नलनेही 6.7 मध्ये काढून टाकलंय, तेव्हा तिथे पोस्टग्रेसला एकट्याला बोल लावण्यात काही अर्थ नाही.

आणि गिटमधून, म्हणजे कोडचा सगळा इतिहास ठेवणाऱ्या सिस्टीममधून, काही जात नाही. काढलेला कोड इतिहासात असतो, एका कमांडने बघता येतो. आयबीएमचे इंजिनीअर 2024 मध्येच परत आले, आम्ही सांभाळतो म्हणाले, पॅच लिहून पाठवले, त्यावर प्रश्न आले, उत्तरं दिली. मागायची ही पद्धत आहे. मशीन द्या, माणूस द्या, त्याचे तास द्या, आणि तो माणूस पुढच्या वर्षीही असेल याची खात्री द्या. तुमच्यापैकी ज्यांना एआयएक्स खरंच सोडता येत नाही त्यांनी आपल्या व्हेंडरकडे आणि आयबीएमकडे लेखी विचारणा करा, एएमसीच्या पुढच्या करारात तो मुद्दा टाका. करारावर सही करताना तुमच्या हातात जोर असतो, तो तिथे वापरा. स्वतःच्या वेळेत काम करणाऱ्या माणसाला शिव्या देऊन बिल्डफार्ममध्ये एकही मशीन वाढत नाही.

ज्यांना हलता येतं त्यांनी हला, आणि इथे मी थोडं सविस्तर लिहितो कारण आम्ही ते केलंय आणि अडखळलोयही.

एआयएक्सवरची डेटा डिरेक्टरी कॉपी करून इंटेलच्या लिनक्सवर चालू होणार नाही, पीजी-अपग्रेड या पोस्टग्रेसच्याच अपग्रेडच्या टूलनेही होणार नाही, नेहमीचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशनही नाही. कारण एआयएक्स बिग एंडियन आहे आणि इंटेल लिटल एंडियन, म्हणजे एकाच संख्येचे बाइट दोघं उलट क्रमाने ठेवतात. हे मॅनेजमेंटला समजावताना मी मराठीच वापरतो. 25 लिहिताना आपण दोन आधी लिहितो, पण बोलताना पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी. संख्या तीच, क्रम उलटा. एका मशीनने लिहिलेलं दुसऱ्याने उलट्या क्रमाने वाचलं तर 25 चे 52 होतील, आणि कर्जखात्यात ते कोणालाच नकोय.

म्हणून मार्ग दोन. एक म्हणजे डंप आणि रिस्टोअर, सगळा डेटा फाइलमध्ये काढून पलीकडे परत भरायचा, साधा, खात्रीचा, पण तेवढा वेळ सिस्टीम बंद. दुसरा लॉजिकल रेप्लिकेशन, 10 व्या व्हर्जनपासून आहे, दोन्हीकडे एकाच वेळी डेटा चालू ठेवता येतो आणि शेवटी थोड्या वेळात पलीकडे उडी मारता येते. पण त्यात सीक्वेन्सचे, म्हणजे आपोआप पुढचा नंबर देणाऱ्या काउंटरचे, आकडे पलीकडे जात नाहीत. आम्ही रंगीत तालमीत हे विसरलो, नवीन लिनक्सवर पहिली कर्जाची नोंद टाकली आणि डुप्लिकेट कीची एरर, कारण तिकडचा नंबर पुन्हा एकपासून सुरू झाला होता. तालीम होती म्हणून वाचलो. टेबलला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम, नसेल तर अपडेट आणि डिलीट अडतात, आणि जुन्या सिस्टीममध्ये की नसलेली टेबलं किती निघतात ते मोजाल तेव्हा तुम्हालाच धक्का बसेल. नवीन कॉलम, नवीन टेबल हे बदलही आपोआप जात नाहीत, म्हणून त्या काळात डेव्हलपरांना स्कीमाला हात लावू देऊ नका, कितीही अर्जंट म्हणाले तरी.

आणि मराठी डेटा असेल तर सॉर्टिंग बघाच. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की अक्षरांचा क्रम बदलू शकतो. युनिकोडच्या नंबराप्रमाणे लावलं तर ळ हा ल च्या लगेच मागे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या मागे असतो. आमच्याकडे खातेदारांची यादी छापली आणि काळे मंडळींची जागा बदललेली, काउंटरवरच्या ताईंनी दहा मिनिटांत फोन केला, की आमच्या रजिस्टरशी जुळत नाहीये. चूक डेटात नव्हती, क्रमात होती, पण ज्या बाई 20 वर्षं त्या क्रमाने नाव शोधतात त्यांच्यासाठी ती चूकच. तेव्हा कोलेशन, म्हणजे अक्षरं लावायच्या क्रमाचे नियम, आधी ठरवा, आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन लावून बघा, आणि बघायला काउंटरवरच्या माणसालाच बसवा. शिवाय लिनक्समध्येही 2018 ला जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीचं 2.28 आलं तेव्हा सॉर्टिंगचे नियम बदलले आणि तीच डेटा डिरेक्टरी तशीच पुढे नेणाऱ्यांचे इंडेक्स बिघडले, म्हणजे हा प्रश्न एकदा सोडवून संपणारा नाही हेही टीमला सांगून ठेवा.

पोस्टग्रेसच्या डेव्हलपरांकडूनही माझी एक अपेक्षा आहे, हे पत्र त्यांच्यापर्यंत कधी पोचलं तर. काढायच्या एक रिलीज आधी मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर ठळक लिहा की या प्लॅटफॉर्मला सांभाळायला माणूस नाही, कोणी असाल तर बोला. तुमच्या चर्चा आमच्याकडे कोणी वाचत नाही, इन्स्टॉलचं पान मात्र सगळे वाचतात. 17 च्या आधी तिथे असं काही ठळक असतं तर त्या मीटिंगमध्ये निदान एक माणूस तरी म्हणाला असता की हो, हे मी वाचलं होतं.

तुमच्यासाठी एवढंच. पुढच्या सोमवारी ऑफिसात गेलात की सिलेक्ट व्हर्जन ही कमांड मारा, पोस्टग्रेसचं व्हर्जन दिसेल, आणि उत्तर कागदावर लिहून टेबलावर ठेवा. मग कॅलेंडर काढा आणि नोव्हेंबर 2028 पर्यंतचे शनिवार-रविवार मोजा. त्यातून मार्च एंडचे वजा करा, ऑडिटचे वजा करा, गणपती-दिवाळीचे वजा करा, व्हेंडरचा माणूस नाही म्हणेल ते वजा करा. दोन रंगीत तालमी आणि एक खरा दिवस, असे तीन वीकेंड त्यात आत्ताच लाल पेनाने गोल करून ठेवा.

आपला,
पुण्यातला एक डेटाबेसवाला